‘घरातल्या घरात’ विकलेलं घरकुल

मी शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवतो. नववी-दहावीला अर्जलेखन, पत्रलेखन शिकवावं लागतं. त्यामुळे हट्ट्यात आणि आसपासच्या गावांत माझी ओळख ‘लिहून देणारे सर’ अशीच आहे. निजामाच्या काळातला एखादा उर्दू कागद सापडला की तो वाचून घ्यायला लोक येतात. बँकेचा अर्ज, विहिरीचा अर्ज, तंटामुक्तीचा मजकूर, सगळं येतं. त्याचा मला कधी त्रास वाटला नाही. पण एक कागद मी लिहिला होता आणि त्याच्याबद्दल आज लिहायचं आहे.

2017 चा मे महिना होता. शाळेला सुट्ट्या होत्या. माझी खाला, म्हणजे अम्मीची सख्खी बहीण, तालुक्यातल्याच एका गावात राहते. राहत होती, असं म्हणायला पाहिजे. खालू जाऊन तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. पदरात दोन मुली. थोरलीचं लग्न होऊन ती परभणीला गेलेली, धाकटीचं ठरलेलं. खालाचं एक घरकुल होतं, इंदिरा आवासचं. दोन खोल्या, वर पत्रे, समोर ओसरी. खालू हयात असतानाच त्यांनी घरजागा मेहेरापोटी खालाच्या नावावर केली होती आणि ते सगळ्या भावकीला मान्य होतं. त्या जागेवर विधवा म्हणून तिला घरकुल मंजूर झालं. केंद्राने ठरवलेली रक्कम तेव्हा 45,000 रुपये होती. बाकीची भर तिने मजुरी करून घातली. विटा तिने स्वतः वाहिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धाकटीच्या लग्नाला पैसे नव्हते. जोड्याची रक्कम, मांडव, जेवण, भांडी. खालाने आम्हाला विचारलं होतं. माझ्या नोकरीला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, डोक्यावर बीएडच्या वेळचं कर्ज होतं. मी 5,000 रुपये दिले आणि सुटलो. मग तिच्या दिराचा मुलगा पुढे आला. म्हणाला, घर मला दे, 1,10,000 देतो, तू मरेपर्यंत इथंच राहा, घर बाहेर कुठं जातंय, घरातल्या घरातच आहे. सगळ्यांना हायसं वाटलं. परक्याला विकण्यापेक्षा पुतण्याला विकलेलं काय वाईट?

कागद लिहायला मला बोलावलं. खाला म्हणाली, “बेटा, तूच लिख. तेरा अक्षर अच्छा है.” 100 रुपयांचा बॉण्ड होता. मी लिहिलं: सदर घर रोख 1,10,000 रुपयांस कायमचे विकले असून पैकी 50,000 आज रोजी मिळाले, उर्वरित रक्कम सवडीने देण्याचे ठरले. ‘सवडीने’ हा शब्द पुतण्याने सांगितला, मी लिहिला. खाला मरेपर्यंत त्या घरात राहील, हे लिहू का, असं मी विचारलं. तो हसला. “सर, घरातल्या घरात काय लिहायचं? मी काय तिला बाहेर काढणार आहे का?” खालानेही मान हलवली. मी नाही लिहिलं. खालाचा अंगठा, दोन साक्षीदार, त्यातला एक मी.

लग्न झालं. पुढच्या दोन वर्षांत त्याने तुकड्या-तुकड्यांनी आणखी 33,000 रुपये दिले. 27,000 राहिले. मग त्याचं स्वतःचं लग्न झालं. आतली खोली नवरा-बायकोला लागली, खालाची खाट बाहेरच्या खोलीत आली. मग मूल झालं, सासू-सासरे येऊ लागले, खाट ओसरीवर आली. कोणी तिला निघ म्हटलं नाही. भांडणही झालं नाही. एका पावसाळ्यात ती थोरलीकडे परभणीला गेली, ती परत आलीच नाही. गावात विचारलं तर सांगतात, म्हातारी लेकीकडं गेली. ते खोटंही नाही.

मी पुतण्याला खलनायक करायला बसलेलो नाही. ज्या वेळी माझ्यासारख्या पगारदार भाच्याने 5,000 देऊन हात झटकले, त्या वेळी त्याने 50,000 रोख आणून ठेवले होते, हे विसरून चालणार नाही. त्याची मजुरी माझ्या पगारापुढे काहीच नव्हती. माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे आणि ‘घरातल्या घरात’ या शब्दांबद्दल आहे. आपल्या भागात गावोगाव घरकुलं अशीच विकली जातात. घेणारा बहुतेक वेळा दीर, पुतण्या, चुलत भाऊ किंवा जावई असतो. देणारी बहुतेक वेळा विधवा असते. आणि लिहिणारा माझ्यासारखा कोणीतरी मास्तर.

त्या बॉण्डची किंमत काय, हे मला पुढे कळलं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा आहे. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखत लागतं, हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. त्या काळचे 100 रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. आज 100 रुपयांत कोंबडाही येत नाही. म्हणजे प्रत्येक घराला खरेदीखत लागतंच. बॉण्डवर लिहून दिल्याने घर कोणाचं होत नाही, तो फार तर पैसे दिल्या-घेतल्याचा पुरावा. मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर घर विकलं जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 साली सूरज लॅम्पच्या खटल्यात स्वच्छ सांगितलं. 2024 च्या ऑक्टोबरपासून तर महाराष्ट्रात 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागू लागला. लोकांना वाटतं, आता कागद पाचपट मजबूत झाला. कागद तेवढाच कच्चा आहे, फक्त महाग झाला.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ, त्यावर नाव लागलं की घर आपलं, ही दुसरी समजूत. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. मालकीचा पुरावा म्हणून तो पुरेसा नाही. खालाच्या घराच्या नमुना आठवर अजून खालाचंच नाव आहे. घरपट्टीची मागणी तिच्याच नावाने निघते. जे घर तिने विकलं, जिथं तिला झोपायला जागा नाही, त्याची पट्टी थकली तर थकबाकीदार ती.

मी बरेच दिवस समजत होतो की नाव बदललं नाही ते आळसाने. खेड्यात कोण वसमतला दुय्यम निबंधकाकडे चकरा मारतो, मुद्रांक शुल्क कोण भरतो. पण त्यात आणखी एक हिशेब असतो, तो मला उशिरा दिसला. प्रधानमंत्री आवास योजना 2016 साली सुरू झाली. ज्याचं पक्कं घर आहे त्याला त्यात घरकुल मिळत नाही. 2018 साली सुटलेल्या लोकांचा सर्व्हे झाला. आमच्या या पुतण्याने त्या सर्व्हेत त्याच्या वडिलांच्या पत्र्याच्या छपराचा फोटो दिला. खालाचं घर घेऊन त्याला वर्ष झालं होतं, पण कागदावर ते घर खालाचं होतं आणि तो बेघर होता. 2025 साली महाराष्ट्राला एकदम 20 लाख घरांचं उद्दिष्ट मिळालं, मंजुरीपत्रं वाटली गेली, त्यात त्याचं नाव आलं. 1,20,000 रुपये, शौचालयाचे 12,000 आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. राज्याने त्यात आणखी 50,000 ची भर जाहीर केली.

म्हणजे बघा, खाला एकदा लाभार्थी झाली, तिला आता पुन्हा आयुष्यात घरकुल मिळणार नाही. आणि ज्याने तिचं घर घेतलं तो यादीत. नाव न बदलण्यात दोघांपैकी एकाचाच फायदा होता. खरेदीखत झालं असतं तर तो यादीतून आपोआप बाद झाला असता. त्याच्या गावातलं एखादं खरंच बेघर कुटुंब त्या जागी आलं असतं. या योजनेत 15 टक्के घरं अल्पसंख्याकांसाठी ठेवायची असतात. आपण सभांमधून त्या टक्क्यांचा हिशेब मागतो, मागायलाच पाहिजे. पण त्यातलं एक घर असं आपणच वाया घालवलं, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

आता वारसाहक्काचं. यावर आपल्या लोकांत इतके गैरसमज आहेत की मला दोन परिच्छेद लागतील. खालाला मुलगा नाही. त्यामुळे ‘शेवटी घर पुतण्याकडेच जाणार होतं, त्याने वरून पैसे दिले’ असं सगळे म्हणतात. गावातले जाणते म्हणतात, आमच्या घरातलेही म्हणतात. हे चूक आहे. घर खालूंच्या नावावर असतं तर त्यांच्या मागे हनफी पद्धतीने हिशेब असा झाला असता: बायकोला आठवा हिस्सा, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश. 24 हिस्से धरले तर बायकोचे 3, मुलींचे 16 आणि उरलेले 5 खालूंच्या भावाचे, म्हणजे या पुतण्याच्या बापाचे. पण घर खालाचं आहे. खालाच्या मागे दोन मुलींना दोन तृतीयांश आणि उरलेला एक तृतीयांश तिच्या बहिणीला. नवऱ्याचा पुतण्या तिचा वारसच नाही. एक दाणाही नाही. सरकारने घरकुल बाईच्या नावाने द्यायचं ठरवलं, इंदिरा आवासमध्येही आणि आताच्या योजनेतही, आणि त्या एका ओळीने सगळं गणित फिरलं. आपण मात्र अजून जुन्याच गणिताने चाललो आहोत: घर बाईचं असलं तरी ते नवऱ्याच्या खानदानाचं.

इथे एक गोष्ट मीच सांगून टाकतो, नाही तर दुसरा कोणी सांगेल. तो एक तृतीयांश ज्या बहिणीला जाईल ती माझी अम्मी. म्हणजे या भांडणात माझ्या घराचाही पाय आहे. अम्मीने स्वच्छ सांगितलं आहे की तिला त्यातलं काही नको. तरी वाचणाऱ्याने माझं म्हणणं हे लक्षात ठेवून वाचावं.

दुसरा गैरसमज उलट बाजूचा. थोरली मला म्हणाली, “भाईजान, आमच्या सह्या नव्हत्या, मग अम्मीनं विकलंच कसं?” तसंही नाही. शरीयतमध्ये जन्माने हक्क मिळत नाही. आई हयात आहे तोवर घर पूर्ण तिचं. ती विकू शकते, हिबा करू शकते, मुलींची परवानगी लागत नाही. मृत्युपत्र करायचं तर मात्र एक तृतीयांशाच्या वर करता येत नाही, आणि एका वारसाला जास्त द्यायचं तर बाकीच्यांची संमती लागते. शेतजमीन 1937 च्या शरीयत कायद्यातून वगळलेली आहे. घराला तो लागू आहे. तेव्हा मुलींचा आक्षेप ‘आम्हाला विचारलं नाही’ हा कायद्यात टिकणारा नाही. ‘विक्री झालीच नाही, पैसे पूर्ण मिळाले नाहीत आणि आईला राहायला जागा नाही’ हा आक्षेप टिकणारा आहे. पण तो घ्यायचा कोणी? खाला अंगठेबहाद्दर, धाकटीला सासरी ऐकवतात की तुझ्या लग्नातच तुझ्या आईचं घर गेलं. ती बिचारी तोंड उघडत नाही.

हिंदू शेजाऱ्यांकडे हेच वेगळ्या नावाने चालतं. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला आणि तेव्हापासून हक्कसोड पत्रांची रांग लागली. दिवाळीला, राखीला बहीण आली की गाडीत बसवून तालुक्याला न्यायची, सही घ्यायची, साडी द्यायची. फरक एवढाच की हक्कसोड पत्र निदान नोंदवलं जातं, तिथं अधिकारी समोर बसवून विचारतो. आमच्याकडे बॉण्ड ओसरीवर चहा पीत होतो.

आणि हा प्रकार खेड्यातच आहे असंही नाही. आमच्या हिंगोली, परभणी, नांदेडची कितीतरी कुटुंबं मुंबईत झोपडपट्टीत वाढली, मग इमारतीत गेली. तिथं पुनर्वसनात मिळालेलं घर विकण्यावर 1971 च्या झोपडपट्टी कायद्यात बंदी घातली आहे. मूळ मुदत 10 वर्षांची होती आणि वारसाला मात्र घर जाऊ शकत होतं. म्हाडाच्या घराला 5 वर्षं. बंदी आली तशी वाटही आली: मुदत संपेपर्यंत करारनामा, ताबा आजच. तिथेही विकत घेणारा पुष्कळदा मामा, भाऊ, साडू. नात्यातला असला की चौकशी होत नाही, ‘पाहुणे राहतात’ म्हणता येतं.

सरकारने गरिबाला दिलेलं घर नात्यातल्या माणसाने घ्यावं की नाही, हा प्रश्न इंग्लंडलाही पडला होता. 1980 साली थॅचरबाईंच्या सरकारने नगरपालिकेच्या घरांत राहणाऱ्या भाडेकरूंना ती घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. जितकी जास्त वर्षं राहिलात तितकी सवलत जास्त, सुरुवातीला निम्म्या किमतीपर्यंत. म्हाताऱ्या आई-बापांना कर्ज कुठून मिळणार? मग मुलांनी पैसे घातले. कायद्यानेही ते ओळखलं होतं. घरात किमान 12 महिने सोबत राहणारे कुटुंबातले तिघांपर्यंत लोक आईसोबत खरेदीत नाव लावू शकत होते. 5 वर्षांच्या आत घर विकलं तर सवलत परत द्यावी लागे. ती योजना चांगली होती असं माझं म्हणणं नाही. त्यामुळे भाड्याची सरकारी घरं कमी होत गेली, शेवटी स्कॉटलंडने 2016 ला आणि वेल्सने 2019 ला ती बंद केली. पण एक गोष्ट तिथे होती: मुलगा पैसे घालणार हे गृहीत धरून त्याचं नाव कुठं आणि कशा अटीवर लागेल, हे लिहिलेलं होतं. आपल्याकडे योजना धरून चालते की घरकुल कोणी विकणार नाही, गाव धरून चालतं की घरातल्या घरात विकणं म्हणजे विकणं नव्हे.

विक्रीवर सरसकट बंदी घाला, असं मला सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. सरकारने जिथं जागाही दिली आहे, तिथं ती भोगवटादार वर्ग-2 ची असते आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. ते तसंच राहावं. पण स्वतःच्या जागेवर बांधलेलं घर हीच एखाद्या बाईची आयुष्यभराची एकमेव पुंजी असते. आजारपणात, लेकीच्या लग्नात ती मोडता येऊ नये, हे म्हणणारा माणूस पगारदार असतो, माझ्यासारखा. बंदी आली की बॉण्ड येतो. नात्यातल्या माणसाने घ्यावं. जवळच्याने घेतलं तर बाईला त्याच अंगणात राहता येतं, हे मोठं आहे. फक्त ते खरं घेणं असावं. वसमतला जाऊन खरेदीखत व्हावं, पैसे बँकेतून तिच्या खात्यात जावेत आणि ज्या दिवशी घर घेणाऱ्याच्या नावावर येईल त्या दिवशी त्याचं नाव घरकुलाच्या यादीतून निघावं. ग्रामसेवकाला सगळं माहीत असतं. गावात कोणी कोणाचं घरकुल घेतलं हे चहाच्या टपरीवर कळतं, ते पंचायतीला कळत नाही हे मी मानायला तयार नाही. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. ती कशी होते हे सगळ्यांना माहीत आहे, रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. ती सभा खरी घेऊन तिथे एवढंच वाचून दाखवावं की या वर्षी कोणत्या बाईचं घरकुल कोणाकडे गेलं. पुरुषांसमोर जे बोललं जात नाही ते तिथं बोललं जाईल.

आणि राहण्याची अट लिहावी. हे मी स्वतःला सांगतो आहे. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. 60 वर्षांवरच्या माणसाने आपली मिळकत सांभाळण्याच्या अटीवर कोणाला दिली आणि त्याने सांभाळलं नाही, तर त्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात तो व्यवहार रद्द होऊ शकतो. वकील करायची, वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात बसायची गरज नाही. पण कागदात अट दिसली तरच बोलायला जागा राहते. त्या दिवशी माझ्या पेनातून एक ओळ निघाली असती, ‘लिहून देणार हयात असेपर्यंत आतील खोलीत राहतील व घेणार त्यांचा सांभाळ करतील’, तर आज खालाच्या हातात काहीतरी असतं. कागद कच्चा का होईना, पण ठरलं काय होतं ते दिसलं असतं. कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. ती देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि लिहिणाऱ्याने इन्साफने लिहावं असा त्यात हुकूम आहे. सूरह बकरा, आयत 282. मी ती वर्गात, मदरशात, मय्यतीला किती वेळा ऐकली असेल. लिहिणारा म्हणजे मी, हे डोक्यात आलं नाही.

आपल्याकडे मय्यत झाली की मस्जिदीत उभं राहून विचारतात, कोणाचं कर्ज असेल तर सांगा. चांगली रीत आहे. बहिणींचे हिस्से दिले का, असं विचारताना मी कोणाला ऐकलं नाही. वारस, हक्क, मिळकत, कब्जा, दस्त हे शब्द अरबी-फारसीतून उर्दूत आणि मराठीत आले, दोन्ही भाषांत सारखेच चालतात, मुलांना मी हे हौसेने शिकवतो. उर्दूत ‘हक’ म्हणजे अधिकार आणि ‘हक’ म्हणजे सत्यही. हे सांगितलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत मार्क मिळवतात. घरी आपापल्या आईचं नाव नमुना आठवर आहे का, हे बघून या, असं मी या वर्षी सांगितलं. 31 पैकी 4 मुलांच्या आईचं नाव निघालं. त्यात एक घरकुल आजीकडून आलेलं होतं, कसं ते मुलाला सांगता आलं नाही.

खालाच्या घराचं काय, ते सांगतो. पुतण्याचं स्वतःचं घरकुल आता जोत्यापर्यंत आलं आहे. थोरलीचं म्हणणं साधं आहे: त्याचं घर झालं, आता अम्मीचं घर परत द्या, 83,000 आम्ही फेडतो. त्याचं म्हणणं, आठ वर्षांत मी पत्रे बदलले, फरशी टाकली, मोटार बसवली, ते कोण देणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मागच्या महिन्यात मी त्याला आमच्या घरी बोलावलं. आला, सलाम केला, पण चहा घेतला नाही. म्हणाला, “सर, तुमच्याच हातचा कागद आहे, तुम्हीच आता फिरताय.” मी म्हणालो, हो, फिरतोय. दोन वाटा त्याच्यासमोर ठेवल्या. एक, पत्रे-फरशीचा खर्च धरून हिशेब करू, घर खालाला परत. दुसरी, राहिलेले 27,000 आणि 2017 पासून वाढलेली किंमत मिळून जी रक्कम निघेल ती खालाच्या खात्यावर भर, खरेदीखत कर, त्यात आतली खोली खालाची हयातभर, आणि तुझं नवं घरकुल पंचायतीला खरं सांगून सोड. दुसऱ्या वाटेला तो तयार होणार नाही हे मला माहीत आहे. पहिलीवर तो गप्प बसला. हळद विकली की बोलू म्हणाला.

खालाला मी परभणीला जाऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. विचारलं, त्या घराच्या मागं तिने लावलेला शेवगा आहे की तोडला. मी बघितलं नव्हतं. पुढच्या वेळी बघून येतो म्हणालो.